संरक्षित निसर्गाशेजारच्या जमिनीचे मोल: पार्श्वभूमी

संरक्षित निसर्गक्षेत्राच्या शेजारी राहण्याला पैशांत मोजता येणारे मोल असते, ही कल्पना मुळात जंगलांतून नव्हे, तर शहरी उद्यानांतून आली. इंग्लंडमधील बर्कनहेड येथे १८४७ मध्ये खुल्या झालेल्या उद्यानासाठी सुमारे २२६ एकर जमीन घेण्यात आली होती. त्यातील १२५ एकरांवर उद्यान झाले आणि उरलेल्या जमिनीचे भूखंड घरांसाठी विकून खर्च भरून काढण्याचा बेत होता. १८५० मध्ये हे उद्यान पाहून गेलेल्या अमेरिकी उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कभोवतालच्या तीन वॉर्डांतील मालमत्तांच्या मूल्यांची १८५६ ते १८७३ या काळाची आकडेवारी मांडली, ती वाढीव करातून उद्यानाचा खर्च वसूल होतो हे पटवून देण्यासाठी. याच उद्यानासाठी १८५७ पर्यंत सेनेका व्हिलेज ही बहुतांशी कृष्णवर्णीयांची वस्ती उठवण्यात आली होती. शेजाराचे मोल वाढले, ते मागे उरलेल्यांसाठी.

१८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झाले. अशा दुर्गम ठिकाणी जमिनीच्या भावावरून फारसे काही कळण्यासारखे नव्हते. अर्थतज्ज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला पत्रातून उपाय सुचवला: उद्यानाभोवती वर्तुळे आखावीत आणि प्रत्येक पट्ट्यातून किती लोक किती प्रवासखर्च सोसून येतात, ते मोजावे. घरांच्या किमतीतून परिसराच्या गुणांचे मोल वेगळे काढण्याच्या पद्धतीला अर्थतज्ज्ञ शेर्विन रोझेन यांच्या १९७४ च्या लेखाने भक्कम सैद्धांतिक बैठक मिळाली. हॉटेलिंग यांच्या रीतीत सर्वांत आतल्या पट्ट्यातील माणसाचा खर्च सर्वांत कमी, म्हणून भेटीमागे त्याचा लाभ सर्वाधिक ठरतो. रात्री त्याच्या भातात उतरणारा गेंडा मात्र त्या हिशेबात येत नाही.

हा गेंडा काल्पनिक नाही. १९७३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या नेपाळमधील चितवनच्या कडेच्या शेतकऱ्यांना त्याच्यासाठी राखणीला जागावे लागते. नेपाळने १९९३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून उद्यानांच्या उत्पन्नातील ३० ते ५० टक्के वाटा उद्यानांभोवतीच्या बफर क्षेत्रातील गावांच्या विकासासाठी खर्च करण्याची तरतूद केली. पर्यटनाचा पैसा मात्र सौराहासारख्या प्रवेशद्वारांपाशी एकवटतो, आणि गेंडा शेत निवडताना प्रवेशद्वार पाहत नाही.