अमेरिकेचे नागरिकत्व: एन-400 अर्ज, सिव्हिक्सची परीक्षा आणि भारतात घालवलेले महिने

ग्रीन कार्डाला पाच वर्षे होत आली की आपल्याकडची मंडळी पहिल्यांदा नागरिकत्वाच्या परीक्षेच्या प्रश्नांची यादी उघडतात. मी म्हणेन, यादी बाजूला ठेवा आणि आधी जुने-नवे पासपोर्ट काढून बसा. परीक्षा अभ्यास करून पास होता येते, शिवाय नापास झालात तर दुसरी संधी मिळते. देशाबाहेर राहिलेले दिवस मात्र नंतर कमी करता येत नाहीत.

पात्रता तशी सरळ आहे. वय 18 पूर्ण हवे. ग्रीन कार्डावर पाच वर्षे झालेली हवीत. अमेरिकन नागरिकाशी लग्न झाले असेल आणि तुम्ही एकत्र राहत असाल तर तीन वर्षे पुरतात. ही मुदत भरण्याच्या 90 दिवस आधीपासून अर्ज करता येतो. ज्या राज्यातून अर्ज करता तिथे किमान तीन महिने राहिलेले असावे लागते. वर्तणूक चांगली हवी, म्हणजे टॅक्स भरलेला आणि अटक वगैरे काही झाले असल्यास ते लपवलेले नाही. 18 ते 26 या वयात ग्रीन कार्डावर राहणाऱ्या मुलग्यांची सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (सक्तीची लष्करभरती लागलीच तर त्यासाठीची सरकारी यादी) नोंदणी झालेली असावी लागते. घरात असा मुलगा असेल तर आजच बघून घ्या.

खरी पंचाईत होते ती आईवडिलांची. मुलामुलींनी ग्रीन कार्ड करून दिलेले असते, पण जीव अर्धा पुण्यात किंवा कोल्हापुरात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघाले, लग्नसराई उरकली, आंबे खाऊन मेअखेर परतले. हे जवळपास सात महिने झाले. सहा महिन्यांपेक्षा लांब एकच फेरी झाली की नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सलग वास्तव्यात खंड पडला असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे तुम्हालाच दाखवावे लागते: इथले घर चालू होते, टॅक्स रिटर्न भरले, कुटुंब इथेच होते. फेरी वर्षाची किंवा त्याहून मोठी असेल तर खंड पडतोच. रीएंट्री परमिट (जास्त काळ बाहेर राहून परत येण्याचा परवाना) काढले होते म्हणून निश्चिंत राहू नका. ते ग्रीन कार्ड वाचवायला मदत करते, नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्य नाही.

दुसरा हिशेब वेगळा. प्रत्येक फेरी सहा महिन्यांच्या आतली असली तरी पाच वर्षांत एकूण 30 महिने अमेरिकेत प्रत्यक्ष काढलेले हवेत (तीन वर्षांच्या नियमात 18). निघण्याचा आणि परतण्याचा दिवस अमेरिकेतला धरला जातो. शिक्क्यांवरून एक तक्ता करा. फॉर्ममध्ये आणि मुलाखतीत हाच उपयोगी पडतो.

अर्ज, म्हणजे फॉर्म एन-400, यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर खाते उघडून भरता येतो. एप्रिल 2024 पासून फी ऑनलाइन 710 डॉलर, कागदी अर्जाला 760. उत्पन्न कमी असेल तर सवलत आहे. भरण्याच्या दिवशी साइटवर रक्कम पुन्हा बघा. ग्रीन कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, लग्नाचा किंवा घटस्फोटाचा दाखला, टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या रिटर्नचा सरकारी उतारा), सगळे पासपोर्ट तयार ठेवा. आपल्या बायकांनी नावाच्या रकान्याकडे नीट लक्ष द्यावे. माहेरचे नाव, सासरचे नाव, मधले वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, गॅझेटमध्ये बदललेले नाव, जे जे कुठल्याही कागदावर आले असेल ते सगळे लिहा.

आणखी एक, ग्रीन कार्डावर असताना मतदार नोंदणी चुकूनही करू नका. डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, लायसन्स काढताना समोर येणारा तो प्रश्न न वाचता 'हो' म्हणणे फार महागात पडू शकते.

आता परीक्षा. 20 ऑक्टोबर 2025 पासून केलेल्या अर्जांना सिव्हिक्सची, म्हणजे नागरिकशास्त्राची, नवी परीक्षा आहे: 128 प्रश्नांच्या यादीतून 20 पर्यंत तोंडी विचारतात, 12 बरोबर यावे लागतात. इंग्रजी बोलणे मुलाखतीतच पाहतात. शिवाय एक वाक्य वाचायचे आणि एक लिहायचे. ज्या भागात नापास व्हाल तो 60 ते 90 दिवसांत पुन्हा देता येतो.

नुसते पाठांतर करू नका, कारण भारतात शिकलेले नागरिकशास्त्र इथे गोंधळात टाकते. आपल्याकडे मंत्री संसदेत बसतात. इथे अध्यक्ष आणि त्यांचे मंत्रिमंडळ काँग्रेसचे (इथल्या संसदेचे) सदस्य नसतात, कारण एकाच हाती सत्ता एकवटू नये हा घटनाकारांचा मूळ आग्रह होता. आपल्याकडे उरलेले अधिकार केंद्राकडे जातात. इथे घटनेच्या दहाव्या दुरुस्तीनुसार ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. राज्यसभेच्या जागा साधारण लोकसंख्येनुसार. सिनेटमध्ये, म्हणजे इथल्या वरिष्ठ सभागृहात, मात्र कॅलिफोर्नियाचेही दोन आणि वायोमिंगचेही दोन. हे कळले की बरीच उत्तरे आपोआप सुचतात. घटनेच्या सुरुवातीच्या 'वी द पीपल' (आम्ही लोक) या शब्दांचा अर्थ विचारला तर लोकांची संमती हाच सत्तेचा पाया, एवढे सांगता यायला हवे.

ही तत्त्वे आपल्यालाही लागू व्हायला वेळ लागला, हे मला प्रत्येक अर्जदाराला सांगावेसे वाटते. 1923 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड हे पंजाबहून आलेले शीख 'गोरे' ठरत नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्वास अपात्र ठरवले. भारतीयांना ते खुले झाले 1946 च्या लूस-सेलर कायद्याने.

ज्येष्ठांना सवलती आहेत. वय 50 आणि ग्रीन कार्डाची 20 वर्षे, किंवा वय 55 आणि 15 वर्षे, असे असेल तर इंग्रजी माफ. दुभाष्या नेऊन परीक्षा मराठीत देता येते. वय 65 आणि 20 वर्षे असतील तर फक्त 20 प्रश्नांची छोटी यादी, त्यातले 10 विचारतात, सहा बरोबर हवेत. आजारपणामुळे शिकणेच शक्य नसेल तर डॉक्टरांकडून एन-648 हा माफीचा फॉर्म भरून घ्या.

शपथ होईपर्यंत तुम्ही नागरिक नाही. त्या दिवशी ग्रीन कार्ड परत द्यायचे आणि नॅचरलायझेशन सर्टिफिकेट (नागरिकत्वाचा दाखला) घ्यायचे. नाव, जन्मतारीख तिथेच तपासा. भारतीय नागरिकत्व 1955 च्या कायद्यातील कलम 9 नुसार त्याच क्षणी संपते, म्हणून भारतीय पासपोर्टवर पुढचे तिकीट काढून ठेवू नका. आधी अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचे भारत सरकारचे कार्ड). गावच्या मतदारयादीतले नावही काढायला हवे. ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली ठेवता येते.

मुले 18 च्या आत असतील, ग्रीन कार्डावर असतील आणि तुमच्या ताब्यात इथेच राहत असतील, तर तुमच्याबरोबर तीही आपोआप नागरिक होतात. त्यांना परीक्षा नाही, पण पुरावा हवा: त्यांचा अमेरिकन पासपोर्ट काढा, जमल्यास एन-600 हा फॉर्म भरून नागरिकत्वाचे सर्टिफिकेटही घ्या.