ठेव विमा: 5 लाखांच्या मर्यादेमागची गोष्ट

बऱ्याच बँकांच्या पासबुकावर आता एक छोटा मजकूर छापलेला असतो: ठेव विमा संरक्षण, कमाल मर्यादा 5 लाख रुपये. सहसा तो कुणी वाचत नाही. बँकिंगचे शब्द शिकायला येणाऱ्या मुलांना मी मात्र तिथूनच सुरुवात करायला सांगतो. ठेव, निर्बंध, मोरॅटोरियम, अवसायन, विलीनीकरण हे सगळे शब्द त्या एका ओळीला येऊन मिळतात, आणि त्या ओळीमागे बुडालेल्या बँकांची मोठी रांग उभी आहे.

आधी ‘ठेव’ हाच शब्द नीट पाहू. ठेवलं ते ठेव, म्हणजे कपाटात दागिना ठेवावा तसे पैसे बँकेत सुरक्षित पडून आहेत, असं हा शब्द ऐकताना वाटतं. प्रत्यक्षात ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेलं कर्ज. त्यातला काही भाग रोख राखीव प्रमाण, म्हणजे सीआरआर, म्हणून रिझर्व्ह बँकेकडे जातो, काही सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो आणि उरलेला कर्ज म्हणून बाजारात फिरतो. सगळे ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले, तर चांगली चाललेली बँकसुद्धा त्यांचे पैसे तिथल्या तिथे देऊ शकत नाही. जुन्या काळी सावकाराचं देणं थकलं की तो पेढीवर भरदिवसा दिवा लावून बसे आणि त्यावरून ‘दिवाळं’ शब्द आला, असं सांगतात. पण दिवा लागला म्हणजे फक्त पेढी बुडाल्याचं कळायचं. पैसे कोण परत देणार, याचं उत्तर त्यातून मिळत नव्हतं.

ते उत्तर मिळायला स्वतंत्र भारतातही बराच वेळ लागला. रिझर्व्ह बँक 1935 मध्ये सुरू झाली आणि तीनच वर्षांत दक्षिणेत त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक कोसळली. पुढे बंगालमध्ये बँका अडचणीत आल्या, तेव्हा 1948 मध्ये ठेवींचा विमा उतरवण्याची कल्पना पहिल्यांदा मांडली गेली. अमेरिकेने असा कायदा 1933 मध्येच केला होता. आपल्याकडे मात्र आधी बँकांची तपासणी करणारी यंत्रणा उभी राहू दे, मग विम्याचं बघू, असं ठरलं. विचार चुकीचा नव्हता. ज्या बँकेचं आतलं काही माहीत नाही, तिचा विमा कोण उतरवणार? पण त्या थांबण्यात बारा वर्षं गेली.

मग 1960 उजाडलं. त्या वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. ऑगस्टमध्ये केरळमधल्या पालई सेंट्रल बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेने उच्च न्यायालयात अर्ज केला आणि तीही बंद झाली. पालईचं नाव सगळीकडे घेतलं जातं, कारण ती मोठी होती आणि तिच्या पाठोपाठ केरळमधल्या इतर बँकांसमोरही रांगा लागल्या. अकोल्याचा उल्लेख मात्र एका वाक्यात उरकतात, आणि ते मला खटकतं. आज देशभरच्या पासबुकांवर जी ओळ छापली जाते, तिच्या उगमाशी वऱ्हाडातलं एक शहर आहे, हे मराठी विद्यार्थ्याला माहीत असायला हवं.

त्या धक्क्यातून दोन गोष्टी झाल्या. पहिली, बँकिंग कायद्याच्या कलम 45 मध्ये दुरुस्ती. अडचणीतल्या बँकेला काही काळ देणी थांबवण्याची मुभा, म्हणजे मोरॅटोरियम, द्यायची आणि तेवढ्या काळात दुसऱ्या सक्षम बँकेत तिचं विलीनीकरण करायचं, ही वाट त्यातून खुली झाली. हत्यार जुनं असलं तरी अजून वापरात आहे: नोव्हेंबर 2020 मध्ये लक्ष्मी विलास बँकेवर मोरॅटोरियम लागला आणि दहा-बारा दिवसांत ती डीबीएस बँक इंडियात विलीन झाली. इथे एक खुलासा करतो, कारण मुलं हमखास गोंधळतात. करोनाच्या काळात कर्जाचे हप्ते पुढे ढकलले, त्यालाही मोरॅटोरियमच म्हणत होते. शब्द एकच, पण तिथे सवलत कर्जदाराला होती. इथे ती बँकेला मिळते आणि अडकतो ठेवीदार.

दुसरी गोष्ट म्हणजे ठेव विमा. डिसेंबर 1961 मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 1962 पासून ठेव विमा महामंडळ सुरू झालं. मर्यादा होती 1,500 रुपये. हप्ता, म्हणजे प्रीमियम, वर्षाला दर 100 रुपयांच्या ठेवीमागे 5 पैसे. तो बँकेने भरायचा, ठेवीदाराकडून घ्यायचा नाही, आणि हा नियम आजही तसाच आहे, फक्त दर वाढत 2020 मध्ये 12 पैशांवर गेला. सुरुवातीला 287 बँका या छत्राखाली होत्या. 1967 च्या अखेरीस 100 उरल्या, कारण मधल्या काळात लहान, कमकुवत बँका मोठ्यांत मिसळून टाकल्या गेल्या. सहकारी बँका आल्या 1971 पासून. 1978 मध्ये कर्ज हमी महामंडळ यात मिसळलं आणि डीआयसीजीसी (डिपॉझिट इन्शुरन्स अँड क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशन) हे आजचं लांबलचक आद्याक्षरांचं नाव तयार झालं.

मर्यादा वाढत गेली: 1968 मध्ये 5,000, 1980 मध्ये 30,000, 1993 मध्ये 1 लाख. आणि मग ती तिथेच अडकली, तब्बल सत्तावीस वर्षं. या काळात महागाई कुठल्या कुठे गेली, निवृत्तीनंतर हाती येणारी रक्कम कित्येक पटींनी वाढली, पण विमा 1 लाखाचाच राहिला. ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक वाटते. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येतील असं जाहीर झालं, तेव्हा ही चूक सगळ्यांना दिसली. फेब्रुवारी 2020 मध्ये मर्यादा 5 लाख झाली.

‘निर्बंध’ हा शब्द मात्र मोरॅटोरियमपासून वेगळा ठेवायचा. मोरॅटोरियम केंद्र सरकार लावतं, कलम 45 खाली, रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून. निर्बंध रिझर्व्ह बँक स्वतः लावते, कलम 35अ खाली, आणि ते पुन्हा पुन्हा वाढवता येतात. विम्याचे पैसे पूर्वी मिळायचे ते बँक अवसायनात निघाली, म्हणजे कायमची बंद करून तिची देणीघेणी मिटवायला घेतली, किंवा विलीन झाली तरच. म्हणजे बँक जिवंतही नाही आणि मेलीही नाही अशा अवस्थेत ठेवीदाराला विमा असून नसल्यासारखा. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना रद्द झाला 2022 मध्ये. नऊ वर्षं! औषधपाण्यासाठी ठेवलेले पैसे नऊ वर्षांनी मिळून काय उपयोग?

2021 ची दुरुस्ती या दुखण्यावरच होती. निर्बंध लागल्यापासून 45 दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यायची, पुढच्या 30 दिवसांत महामंडळाने ती तपासायची आणि त्यापुढच्या 15 दिवसांत पैसे द्यायचे. एकूण 90 दिवस. बंद बँकेचा हिशेब मिटवणाऱ्या अवसायकाची वाट पाहायची गरज उरली नाही.

हे 5 लाख खात्यामागे नसतात, एका बँकेतल्या एका माणसामागे असतात. बचत, मुदत, चालू, सगळ्या शाखांतली खाती एकत्र धरली जातात, मुद्दल आणि व्याज मिळून. संयुक्त खात्याचा हिशेब वेगळा होतो, आणि त्यातही नावांचा क्रम बदलला तर ते वेगळं खातं मानलं जातं.

आणि आपल्याकडे गल्लोगल्ली असलेली पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या काउंटरवर पासबुक मिळतं, मुदत ठेवीची पावती मिळते, व्याज बहुधा बँकेपेक्षा जास्त मिळतं. पण डीआयसीजीसीचं संरक्षण तिथल्या एका रुपयालाही लागू नाही.