डोक्यातली ‘रिंग’: टीबी, किडा की ट्यूमर?

ठाण्यात आज एमआरआयसाठी फार थांबावं लागत नाही. नौपाड्यात, घोडबंदर रोडला, खाडीपलीकडे वाशी-नेरूळला मशीन आहेत. तरीही ब्रेन ट्यूमरचं निदान लांबतं, अर्धवट राहतं, कधी आधी भलतंच नाव मिळतं. गाठ दिसण्याची अडचण बरीचशी सुटली आहे. दिसली ती गाठ कसली, हे ठरवण्याची अडचण आपल्याकडे जास्त बिकट आहे आणि तिची मुळं चाळीस वर्षं मागे जातात.

त्याआधीचा काळ थोडक्यात. 1884 साली लंडनमध्ये ग्लायोमाची (मेंदूच्या आधार-पेशींतून वाढणाऱ्या गाठीची) पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा हाता-पायाची ताकद कुठे गेली आणि झटके कुठून सुरू होतात एवढ्यावरूनच गाठीची जागा ओळखली होती. 1918-19 मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायला सुरुवात झाली. 1927 मध्ये रक्तवाहिन्यांत औषध सोडून फोटो घेणं आलं. दोन्हींत गाठ स्वतः दिसत नसे, तिने बाजूला ढकललेलं तेवढं दिसे. ऑक्टोबर 1971 मध्ये लंडनलाच पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, गाठ थेट दिसू लागली आणि चित्र पालटलं.

सीटीपूर्वीची एक गोष्ट ठाणेकरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. इथलं मनोरुग्णालय 1901 सालचं. कपाळामागे सावकाश वाढणारा मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) आधी स्वभाव बदलतो: माणूस गप्प होतो, बेफिकीर होतो, व्यवहारात चुकतो. अशा लोकांची रवानगी मनोरुग्णालयात व्हायची आणि गाठ शवविच्छेदनात सापडायची, अशा नोंदी जगभर आहेत. उतारवयात पहिल्यांदाच ‘डोक्यावर परिणाम’ झाला तर मानसोपचारतज्ज्ञ आधी स्कॅन करायला सांगतात, ते यामुळे. घरच्यांना तो खर्च उगाच वाटतो, पण तो उगाच नसतो.

आता मूळ मुद्दा. ऐंशीच्या दशकात सीटी मुंबईत रुळला आणि फिट आलेल्या तरुण रुग्णांच्या फिल्म्स साचू लागल्या. चित्र ठरलेलं असे. वागळे इस्टेटमधला कामगार किंवा शहापूरकडची कॉलेजातली मुलगी. उजवा हात थडथडला, मग शुद्ध हरपली, कुणी कांदा हुंगवला, कुणी हातात किल्ल्या दिल्या. दोन दिवसांनी माणूस ठणठणीत. कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिलेलं औषध) देऊन काढलेल्या सीटीत मेंदूच्या पृष्ठभागाजवळ एक पांढरी रिंग, कानातल्या बाळीएवढी, आत काळसर, आणि बाजूला बोटांसारखी पसरलेली सूज. रिंग टीबीची असते, परजीवी किड्याची असते, पूची असते, ग्लायोमाची असते, दुसरीकडच्या कर्करोगाचीही असते.

आपल्याकडे टीबी घरोघरचा, म्हणून बहुतेक ठिकाणी क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. कवटीला भोक पाडून तुकडा काढायची सोय मोजक्याच ठिकाणी होती आणि एवढ्याशा रिंगेसाठी ती जोखीम घ्यायला कुणी धजत नसे. काही महिन्यांनी सीटी केला की रिंग गायब. म्हणजे टीबीच होता, असा निष्कर्ष निघे आणि वर्ष-दीड वर्ष गोळ्या चालत.

पण फक्त फिटची गोळी घेणाऱ्यांचीही रिंग गायब होत होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वेलूरमध्ये अशा गाठी काढून तपासल्या गेल्या, तेव्हा बहुतेकींत मरत आलेला किडा निघाला: सिस्टिसर्कस, म्हणजे डुकरात आढळणाऱ्या पट्टकृमीची अळी. ती आपोआप मरते आणि विरघळते. म्हणजे असंख्य लोकांनी कावीळ आणि नजरेच्या त्रासाची जोखीम पत्करून नको असलेली औषधं घेतली. घरी हे निदान सांगणंही अवघड जायचं. ‘आम्ही माळकरी, आमच्या डोक्यात डुकराचा किडा कसा?’ त्याचं उत्तर असं की मेंदूत अळी होते ती अंड्यांमुळे, आणि अंडी माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून, कच्च्या भाजीतून पोटात जातात. मांस खाण्या-न खाण्याशी त्याचा संबंध नाही.

त्यानंतर ढोबळ निकष ठरले. गाठ एकच, 20 मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदू सरकलेला नाही, हातपाय उत्तरोत्तर लुळे पडत नाहीत, तर किडा धरा, फिटची गोळी द्या, ठरावीक आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करा. माझ्या मते भारतीय न्यूरॉलॉजीतला हा सगळ्यात उपयोगी निर्णय. कितीतरी लोकांची बायोप्सी टळली.

मात्र ट्यूमरचे रुग्ण मधल्या फटीत सापडले. गाठ मोठी, सूज बरीच, पण ‘टीबी असू शकेल’ म्हणून गोळ्या सुरू, सोबत स्टेरॉइड. स्टेरॉइडने सूज उतरते, डोकेदुखी थांबते, लटका हात उचलू लागतो. घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं. ग्लायोमाची सूजही त्याच स्टेरॉइडने उतरते आणि गाठ आत वाढतच राहते. दोन-तीन महिने असे जातात. लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) तर स्टेरॉइडने तात्पुरता दिसेनासाच होतो, मग बायोप्सी केली तरी रिपोर्टमध्ये काही सापडत नाही. उलट टीबीची खरी गाठ योग्य औषध चालू असताना काही काळ फुगू शकते, त्यामुळे ‘वाढली म्हणजे ट्यूमर’ असंही म्हणता येत नाही. ‘आधी गोळ्या देऊन बघू’ हा निर्णय लहान रिंगेपुरता शहाणपणाचा होता. मोठ्या गाठीसाठी तोच ताणला गेला, आणि त्याची किंमत जिल्ह्याच्या लांबच्या टोकाकडून आलेल्यांनी जास्त मोजली. मुरबाडहून मुंबईत परळच्या मोठ्या रुग्णालयांत जायचं म्हणजे मजुरी बुडणार, त्यापेक्षा गोळ्या घेऊन बघू, असं घरचेच म्हणत. त्यांना दोष देता येत नाही.

एमआरआयने हा गुंता बराच सोडवला. डिफ्यूजन या त्याच्या एका प्रकारात पू लख्ख चमकतो, ट्यूमरमधली सडलेली पोकळी सहसा चमकत नाही. गाठीतली रसायनं मोजणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपीत टीबीच्या गाठीत चरबीचा उंचवटा दिसतो, ग्लायोमात कोलीन नावाचं रसायन वाढलेलं असतं. छोट्या मेंदूच्या परिसरातल्या गाठी सीटीत कानामागच्या जाड हाडामुळे झाकोळतात, त्याही दिसू लागल्या. अशा गाठीमुळे रोज सकाळी उलटी करणाऱ्या, पण पोटाचं औषध चालू असलेल्या मुलांसाठी हे फार मोलाचं आहे. शंका उरली तर मात्र तुकडाच लागतो.

तुकडा मिळाल्यावरही अलीकडे नवं वळण आलं आहे. मेंदूतल्या गाठींच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची पहिली आवृत्ती 1979 ची, आणि 2016 पर्यंत ग्लायोमाचं नाव सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून ठरे. 2008 मध्ये ग्लायोमांत आयडीएच नावाच्या जनुकातला बदल सापडला. 2016 मध्ये जनुकीय खुणा नावात शिरल्या, 2021 मध्ये आणखी पक्क्या झाल्या. आता सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसणाऱ्या, आयडीएच-बदल नसलेल्या प्रौढांच्या गाठीत टर्ट किंवा ईजीएफआर या जनुकांची ठरावीक खूण सापडली, तर तिला ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड 4, म्हणजे सगळ्यात आक्रमक श्रेणी म्हणतात. जुन्या पद्धतीत तीच गाठ ग्रेड 2 ठरली असती आणि रुग्णाला ‘वर्षावर्षाने स्कॅन करा’ असं सांगून घरी पाठवलं असतं.

आयडीएचची साधी रंगचाचणी बऱ्याच लॅबमध्ये होते आणि सुमारे 90 टक्के बदल पकडते. उरलेल्यांसाठी आणि बाकीच्या खुणांसाठी मेणाचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) टाटा रुग्णालयाच्या परळ किंवा खारघरच्या लॅबला किंवा एखाद्या मोठ्या खासगी लॅबला पाठवावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवं, आणि खुणांचे रिपोर्ट त्याच मुदतीत हाती पडावे लागतात. म्हणून ब्लॉक कधी जाणार, कोण नेणार आणि कुठल्या चाचण्या सांगितल्या आहेत, हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारून कागदावर लिहून घ्यावं.