लाकूड इटलीचे, शिक्का परक्यांचा

कास्तेल्लो, साव्हिनेल्ली, रादिचे ही इटालियन कारखान्यांची नावे आज तंबाखू ओढायच्या पाइपांच्या संग्राहकांत अदबीने घेतली जातात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मात्र इटलीला हा मान नव्हता. पाइप तिथे ढिगाने बनत, पण उंची माल म्हटला की गिऱ्हाईक लंडनचा किंवा फ्रान्सचा शिक्का शोधी. त्या शिक्क्याखालचे लाकूड कित्येकदा दक्षिण इटलीतल्या कॅलाब्रियाच्या डोंगरातून आलेले असे.

हे लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य समुद्राकाठच्या रखरखीत उतारांवर एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते. त्याच्या खोडाच्या आणि मुळांच्या सांध्यावर, जमिनीखाली, एक गाठ धरते. वणव्यात वरचे झाड जळाले तरी या गाठीतून पुन्हा फुटवे येतात. पाइपाजोगी गाठ व्हायला काही दशके जातात. ती घट्ट असते, वजनाला हलकी असते आणि विस्तवाला सहजी दाद देत नाही.

खणून काढलेली गाठ उन्हात राहिली की तडकलीच. म्हणून ती ओल धरून सावलीत ठेवतात. मग करवतवाल्याची पाळी. फिरत्या पात्यासमोर गाठ हातात धरून कुठे छेद द्यायचा हे तो नजरेनेच ठरवतो. आत कुठे खडा अडकलेला असतो, कुठे पोकळी, आणि मधला गाभा तर टाकूनच द्यावा लागतो. कापलेले ठोकळे तांब्याच्या कढईत बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त उकळतात. लाकडातले टॅनिन हे तुरट द्रव्य उतरून पाणी तांबूस होते. हे नीट झाले नाही तर पाइप ओढताना कडवट लागतो. पुढे महिनोन्‌महिने वाळवण. माझ्या मते पाइपचा बराचसा दर्जा इथेच ठरतो, आणि ही माणसे कुठल्याच शिक्क्यात दिसत नाहीत.

ब्रायरची कीर्ती पसरली ती फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या सां-क्लोद गावातून, १८५० च्या दशकात. त्याआधी गरिबाला मातीचा पाइप, तो पडला की फुटे. श्रीमंताला मीरशॉम या मऊ पांढऱ्या खनिजाचा, तोही जपूनच हाताळायचा. ब्रायरने दोघांचीही सोय केली.

इटलीतही धंदा उभा राहत होता. आकिल्ले साव्हिनेल्लीने १८७६ मध्ये मिलानला, कॅथीड्रलजवळच्या व्हिया ओरेफिची रस्त्यावर दुकान काढले. १८८६ मध्ये उत्तर इटलीतल्या व्हारेझेजवळच्या बारास्सोला रोस्सी कारखाना सुरू झाला. रोजच्या वापराचा स्वस्त पाइप हा त्याचा माल. हाच माल पुढे सिगारेटने खाल्ला आणि १९८५ मध्ये रोस्सी बंद पडला.

वळण आले ते युद्धानंतर. १९४७ मध्ये कार्लो स्कोत्तीने कांतूला कास्तेल्लो सुरू केले. कांतू हे फर्निचर आणि लेससाठी नावाजलेले गाव. लाकडावर हात बसलेले कारागीर तिथे होतेच. पुढच्याच वर्षी साव्हिनेल्लीच्या त्याच नावाच्या नातवाने आम्लेतो पोमे या जोडीदारासह बारास्सोच्याच मोलिना भागात कारखाना काढला. कास्तेल्लोत तयार झालेले कारागीर आस्कोर्ती आणि रादिचे १९६८ मध्ये बाहेर पडून ‘कामिनेत्तो’ या नव्या कारखान्यात आले. दहा-बारा वर्षांत त्यांचेही दोन वेगळे कारखाने झाले. पूर्व किनाऱ्यावरच्या पेझारोत जियानकार्लो ग्विदीने आधी ‘मास्त्रो दे पाया’ आणि नंतर ‘सेर जाकोपो’ हे कारखाने उभे केले.

इंग्रजी आकार आटोपशीर आणि ठरीव. इटालियन कारागिरांनी तंबाखू भरायची वाटी फुगवली, दांडी जाड केली, वळणे सैल सोडली. साव्हिनेल्लीचा ३२० क्रमांकाचा आकार हातात घेतला की हे कळते. बुटका, गुबगुबीत, मूठ भरून टाकणारा. कास्तेल्लोचे ‘सी रॉक’ त्याच्या अगदी उलट, खाऱ्या पाण्याने झिजवलेल्या खडकासारखे खडबडीत. ठोकळा तासताना दोष उघडा पडला तर स्वस्त मालात तिथे लांबी (पुट्टी) भरून पॉलिश मारतात. चांगला कारागीर असा ठोकळा गुळगुळीत ठेवत नाही, वाटीचा सगळा बाहेरचा भागच कोरून खडबडीत करतो. त्यामुळे लाकडाच्या सरळ रेषांचा, बिनडागी, गुळगुळीत पाइप दुर्मीळ आणि अर्थातच महाग.

संग्राहकाची नजर मात्र आधी तोंडात धरायच्या नळीवर जाते. जुन्या कास्तेल्लोवर छोटा चमकता खडा बसवलेला असेल तर तो अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला. पांढरी पट्टी असेल तर इतर बाजारांसाठी. मग दांडीवरचे शिक्के, आकाराचा क्रमांक, आणि वाटीतला कोळशाचा थर. तो पातळ आणि एकसारखा हवा. जाड झाला तर तापून वाटीला चीर पाडतो. ओढलेला पाइप लगेच पुन्हा भरत नाहीत. आतली ओल सुकायला निदान एक दिवस देतात, म्हणूनच नेमाने ओढणाऱ्याकडे एकाऐवजी सात-आठ पाइप साठतात आणि नकळत संग्रह सुरू होतो. धूर छातीत न ओढताही तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. वस्तूच्या देखणेपणाने त्यात काही फरक पडत नाही.

१९८२ चा फुटबॉल विश्वचषक जिंकून माद्रिदहून परतताना विमानात इटलीचे राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी आणि प्रशिक्षक एन्झो बेअर्झोत पत्ते खेळत बसले होते. चषक समोरच ठेवलेला. दोघेही पक्के पाइपवाले. पाइप ही सामान्य इटालियन माणसाची वस्तू राहिली नव्हती, तरी देशाच्या चेहऱ्यावर ती अजून दिसत होती. तोवर कांतू आणि पेझारोचा माल अमेरिकन संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसला होता.