टायर परदेशी पाठवायचे आहेत? आयईसीच्या आधी आणि नंतर

कुडाळ, चिपळूण नाहीतर महाडहून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "दादा, तेवढी आयईसी काढून द्या, टायर दुबईला पाठवायचेत." आयईसी म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याला लागणारा सरकारी क्रमांक. तो काढून देणं काही अवघड नाही. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक, आधारवर ई-सही आणि ५०० रुपये फी, अर्ज डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर. घोडं अडतं ते त्याच्या पुढे.

म्हणून मी आधी विचारतो, टायर तुम्ही बनवता की विकत घेऊन पाठवणार?

नव्या गाडीला बसणारा टायर कार कंपनीला थेट पुरवायचा असेल, तर ते काम बनवणाऱ्याचंच. वाहन उद्योगात आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्ता प्रमाणपत्र मागतात आणि ते जिथे प्रत्यक्ष उत्पादन होतं त्या जागेलाच मिळतं. एमआयडीसीत गाळा घेऊन माल साठवणाऱ्याला ते मिळत नाही, कितीही ओळखी असोत. शिवाय कंपनीकडे पीपीएपीची, म्हणजे सुटा भाग मंजूर करून घेण्याची फाइल द्यावी लागते. त्यात भागाचे आराखडे, मोजमापं, चाचण्यांचे निकाल असे अठरा घटक असतात. नमुना पास झाल्याशिवाय खरेदीची गाडी पुढे सरकत नाही. भारतात विकायच्या कारच्या टायरवर आयएस १५६३३ या मानकाप्रमाणे बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्काही लागतो. दोडामार्गात रबराची बाग आहे म्हणून "टायरचं बघू" म्हणणारेही भेटतात. चीक गोळा करणं आणि टायर घडवणं यात आंबा आणि आमरसाच्या कारखान्याइतकं अंतर आहे, एवढंच सांगतो.

आपल्याकडच्या बहुतेकांना जमण्यासारखं आहे ते दुसरं: कारखान्यातून माल घेऊन निर्यात करायची. याला मर्चंट एक्स्पोर्टर म्हणतात. यासाठी आयईसी, जीएसटी नोंदणी, चालू खातं आणि निर्यात प्रोत्साहन परिषदेची नोंदणी हवी. टायरसाठी ही परिषद केपेक्सिल. तिचं आरसीएमसी, म्हणजे नोंदणी आणि सदस्यत्वाचं प्रमाणपत्र अनेकजण "नंतर बघू" म्हणून सोडतात आणि तिथेच पैसे घालवतात.

ते असं. कारच्या नव्या टायरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. पण परिषदेकडे नोंदलेल्या निर्यातदाराला कारखाना ०.१ टक्के कर लावून माल देऊ शकतो. अटी मात्र कडक. कारखान्याच्या बिलापासून ९० दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे, शिपिंग बिलावर (कस्टमकडे भरायच्या निर्यातीच्या कागदावर) कारखान्याचा जीएसटी क्रमांक आणि बिल नंबर हवा, ऑर्डरची प्रत कारखान्याच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. आणि माल कारखान्यातून थेट बंदरावर किंवा नोंदणीकृत गोदामात जायला हवा. रत्नागिरीकडच्या एका गृहस्थांनी पहिली गाडी आधी घरच्या शेडमध्ये उतरवली, नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं आणि मग ट्रक न्हावा-शेव्याला धाडला. भावना चांगली होती, पण सवलतीची अट तिथेच मोडली. नारळ बंदराच्या फाटकाशीही फोडता येतो.

तुम्ही स्वतः निर्यात करताना कर भरायचा नसेल, तर जीएसटी आरएफडी-११ या फॉर्ममध्ये एलयूटी, म्हणजे हमीपत्र द्यायचं. ते एका आर्थिक वर्षापुरतंच चालतं.

बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेच्या क्रमांकाचं) पत्र घेऊन आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर, ज्या बंदरातून माल जाणार त्या बंदरासाठी, नोंदवायला विसरू नका. माझ्याकडच्या एका खेपेला पत्रावरचं नाव आणि पॅनवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला. कंटेनर उभा आणि आम्ही बँकेच्या पायऱ्या झिजवतोय. तेव्हापासून अर्ज भरण्याआधी पॅन, जीएसटी आणि पासबुक शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर बोटाने वाचतो.

एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा कस्टमचा क्रमांक, तोही नीट टाका. नवे टायर ४०११, त्यात कारचे ४०११ १०. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) किंवा वापरलेले ४०१२, ट्यूब ४०१३. रिमोल्ड माल ४०११ मध्ये दाखवला तर कस्टमला ते पकडायला फक्त भिंग लागतं.

आता टायरच. गोदामात उतरून टायरच्या बाजूच्या भिंतीवर बोट फिरवा. युरोपसाठी वर्तुळातला 'ई' आणि त्यापुढे देशाचा आकडा हवा. कारच्या टायरला युनोचा नियम ३० लागतो, शिवाय आवाज आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी ११७. अमेरिकेसाठी 'डीओटी'ची (तिथल्या परिवहन खात्याच्या खुणेची) ओळ हवी. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष; २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. जुना साठा स्वस्तात मिळतोय म्हणून उचलला, तर गिऱ्हाईक आधी हेच आकडे वाचतं. ही मंजुरी निर्यातदाराला काढता येत नाही, ती बनवणाऱ्याच्या नावावर असते. म्हणून सौदा करण्याआधी कारखान्याकडून प्रत मागा.

आयईसीवर काही बदल नसला तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात ती अद्ययावत करावी लागते, नाहीतर ती बंद पडते. एलयूटीही एप्रिलमध्येच नवं. दोन्ही कामं आंब्याची धावपळ वाढायच्या आत, एका बैठकीत उरकून घ्या.