आंतरराष्ट्रीय संबंध विषयातील एम.ए. : जेएनयूची प्रवेशप्रक्रिया, पात्रता आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी कागदपत्रे

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा विचार करणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांपुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे, म्हणजे जेएनयूचे, नाव सर्वांत आधी येते आणि ते सकारण आहे. तेथील आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्थेची मुळे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज या संस्थेत आहेत. ही संस्था १९७० मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या जेएनयूमध्ये विलीन झाली, त्यामुळे भारतात या विषयाचे अध्यापन विद्यापीठाच्या पातळीवर जेथे रुजले त्या ठिकाणांपैकी हे एक प्रमुख ठिकाण मानले जाते. पश्चिम आशिया, आफ्रिका, रशिया व मध्य आशिया, पूर्व आशिया, युरोप अशा प्रदेशांसाठी तेथे स्वतंत्र केंद्रे आहेत. वार्षिक शिकवणी शुल्क अजूनही काही शे रुपयांच्या घरात आहे. अर्थात खानावळ, प्रवास आणि दिल्लीतील राहणी यांचा खर्च त्यात येत नाही.

अर्ज करण्यापूर्वी ही पदवी कशासाठी हवी आहे याचा निर्णय करणे आवश्यक आहे, कारण याबाबतचा एक गैरसमज फार पसरलेला आहे. भारतीय परराष्ट्र सेवेत जाण्यासाठी आंतरराष्ट्रीय संबंधांतील एम.ए. लागत नाही. ही सेवा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून मिळते आणि त्या परीक्षेसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी पुरेशी असते. राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेणाऱ्या उमेदवाराला या अभ्यासक्रमाचा लाभ निश्चित होतो, परंतु केवळ त्या लाभासाठी दोन वर्षे देणे कितपत योग्य, हे आपले वय आणि उरलेले प्रयत्न पाहून ठरवावे. ज्यांना संशोधन, अध्यापन, धोरणविषयक संस्था किंवा परराष्ट्र घडामोडींवरील पत्रकारिता या क्षेत्रांत जायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र ही पदवी म्हणजे खरा पाया आहे.

अध्यापनाकडे वळणाऱ्यांनी पदवीचे नाव काळजीपूर्वक पाहावे. जेएनयूच्या या संस्थेत आंतरराष्ट्रीय अध्ययनातील विशेषीकरणासह राज्यशास्त्राची एम.ए., आंतरराष्ट्रीय संबंध व क्षेत्रीय अभ्यास (म्हणजे जगातील एखाद्या विशिष्ट प्रदेशाचा अभ्यास) या विषयाची एम.ए. आणि जागतिक अर्थव्यवस्थेतील विशेषीकरणासह अर्थशास्त्राची एम.ए. असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. सहायक प्राध्यापकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संबंधित, अनुरूप किंवा संलग्न विषयातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह मागितली आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत जागा निघतात त्या प्रामुख्याने ‘राज्यशास्त्र’ या नावाने, म्हणून ज्यांना पुढे गावाकडे परतून शिकवायचे आहे त्यांनी, माझ्या मते, पदवीच्या नावात राज्यशास्त्र असलेला पर्याय आधी निवडावा. सहायक प्राध्यापकपदासाठीच्या नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत आंतरराष्ट्रीय व क्षेत्रीय अभ्यास हा स्वतंत्र विषय असून संरक्षण व सामरिक अभ्यास हाही वेगळा विषय आहे. एम.फिल. ही पीएच.डी.पूर्वीची संशोधन पदवी बंद झाल्यानंतर आणि २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठी नेटचे गुण ग्राह्य धरण्याची पद्धत सुरू झाल्यानंतर, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातच नेटची तयारी करावी लागते.

दिल्लीला जाणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी जवळचे पर्यायही दुय्यम समजू नयेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिक अभ्यास विभाग, मुंबई विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आणि तेथील आफ्रिकी अभ्यास केंद्र, पुण्यातील सिम्बायोसिसची आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्था, तसेच गोवा विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय व क्षेत्रीय अभ्यासाचे विद्यालय यांचा विचार करता येतो. दिल्लीतच सार्क देशांनी २०१० मध्ये सुरू केलेले दक्षिण आशियाई विद्यापीठ आहे. तेथे शेजारच्या देशांतील विद्यार्थ्यांबरोबर बसून हा विषय शिकता येतो, आणि हा अनुभव अन्यत्र मिळणे कठीण आहे. संस्थांची तुलना करताना क्रमवारीपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात असे मला वाटते : आपल्याला रस असलेल्या प्रदेशावर काम करणारे प्राध्यापक सध्या तेथे आहेत का, त्या प्रदेशाची भाषा शिकण्याची सोय विद्यापीठात आहे का, आणि ग्रंथालय कसे आहे. शेवटच्या बाबतीत दिल्लीला तोड नाही, कारण विद्यापीठाच्या ग्रंथालयाखेरीज सप्रू हाउसमधील इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सचे ग्रंथालयही त्याच शहरात आहे.

परीक्षा आणि दोन टप्प्यांचा अर्ज

जेएनयूचा एम.ए. प्रवेश आता सीयूईटी-पीजी या सामाईक परीक्षेच्या गुणांवर होतो. ही परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, संगणकावर घेते. अलीकडच्या स्वरूपानुसार ९० मिनिटांत ७५ बहुपर्यायी प्रश्न सोडवावे लागतात, प्रत्येक बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. पदवीपूर्व सीयूईटी मराठीतून देता येते, पदव्युत्तर परीक्षा मात्र भाषाविषयांचे पेपर वगळता इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत असते. मराठी माध्यमातून राज्यशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यांनी पारिभाषिक शब्दांची इंग्रजी रूपे आधीपासून सरावात ठेवावीत. ‘सत्तासंतुलन’ किंवा ‘सामूहिक सुरक्षा’ या संकल्पना उत्तम समजलेल्या असूनही प्रश्न वाचताना वेळ जातो, असे होऊ देऊ नये.

अर्ज साधारणतः डिसेंबर-जानेवारीत मागवले जातात, परीक्षा मार्चच्या सुमारास होते आणि निकाल त्यानंतर एक-दोन महिन्यांत लागतो. पदवीच्या अंतिम वर्षात शिकणारे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. प्रत्येक विद्यापीठ आपल्या प्रत्येक अभ्यासक्रमासाठी कोणत्या पेपरचे गुण घेणार हे स्वतंत्रपणे जाहीर करते, त्यामुळे ज्या ज्या विद्यापीठांत प्रवेश हवा असेल त्यांच्या याद्या समोर ठेवूनच पेपरांची निवड करावी. चुकीचा पेपर निवडला गेल्यास कितीही चांगले गुण त्या अभ्यासक्रमासाठी निरुपयोगी ठरतात. पदवीतील किमान गुणांची अट आणि राखीव प्रवर्गांना त्यात मिळणारी सवलत हीसुद्धा विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच पाहावी, कारण एनटीएचे काम परीक्षा घेण्यापुरते आहे आणि पात्रता ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाचा आहे.

सीयूईटी-पीजीचा अर्ज म्हणजे जेएनयूचा अर्ज नव्हे. निकाल लागल्यानंतर जेएनयू आपले प्रवेश संकेतस्थळ ठरावीक मुदतीसाठी खुले करते. तेथे सीयूईटीचा अर्जक्रमांक देऊन नव्याने नोंदणी करावी लागते, अभ्यासक्रमांचा पसंतीक्रम भरावा लागतो आणि वेगळे शुल्क भरावे लागते. ही दुसरी नोंदणी राहिली, तर गुणवत्ता यादीत नाव येण्याचा प्रश्नच उरत नाही. यादीत नाव आल्यावर दिलेल्या मुदतीत शुल्क भरून जागा निश्चित करावी लागते. ‘पुढच्या यादीत पाहू’ असा विचार करून ही मुदत जाऊ देणे धोक्याचे आहे.

कागदपत्रे : सर्वाधिक लक्ष येथे द्यावे

दहावीचे गुणपत्रक व प्रमाणपत्र, बारावीचे गुणपत्रक, पदवीच्या सर्व सत्रांची गुणपत्रके, उत्तीर्णतेचे तात्पुरते प्रमाणपत्र किंवा पदवी प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र, आधारकार्ड, छायाचित्र व स्वाक्षरी ही नेहमीची कागदपत्रे आहेत. ज्या विद्यापीठात श्रेणीपद्धत आहे तेथून श्रेणीगुणांचे टक्केवारीत रूपांतर कसे करतात याचे अधिकृत पत्र घेऊन ठेवावे. स्थलांतर प्रमाणपत्र महाविद्यालयाकडून नव्हे तर विद्यापीठाकडून मिळते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून अंतिम सत्राचा निकाल लागताच त्यासाठी अर्ज करावा.

नावाचा प्रश्न महाराष्ट्रातील उमेदवारांना विशेष त्रासदायक ठरू शकतो. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. आधारवर मात्र बहुतेकांचे स्वतःचे नाव आधी असते आणि वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. परीक्षेचा अर्ज दहावीच्या प्रमाणपत्रातील नावाप्रमाणे भरावा आणि आधारवरील तपशील त्याच्याशी जुळत नसल्यास ते अर्ज सुरू होण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावेत. विवाहानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जवळ असावी.

राखीव प्रवर्गाच्या दाखल्यांकडे त्याहून अधिक लक्ष हवे. केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना ७.५, इतर मागासवर्गीयांना २७ आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना १० टक्के जागा असतात, तर दिव्यांगांसाठी ५ टक्के समांतर, म्हणजे या सर्व प्रवर्गांना छेदून जाणारे, आरक्षण असते. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग ही महाराष्ट्रातील वर्गवारी केंद्राकडे नाही. आपली जात इतर मागासवर्गीयांच्या केंद्रीय यादीत महाराष्ट्राच्या नावापुढे नोंदलेली आहे का, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर तपासावे. नोंद असल्यास केंद्र शासनाच्या नमुन्यातील, नॉन-क्रीमीलेयरचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र स्वतंत्रपणे काढावे लागते. राज्यातील प्रवेशांसाठी काढलेले प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही आणि जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही त्याला पर्याय ठरत नाही. गुण पुरेसे असूनही केवळ नमुना चुकीचा असल्यामुळे राखीव जागा हातची जाऊ शकते.

मराठा समाजासाठी राज्याने २०२४ च्या कायद्याने दिलेले सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाचे आरक्षण केंद्रीय विद्यापीठांत लागू होत नाही. अशा उमेदवारांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतून अर्ज करता येतो का, हे केंद्राच्या निकषांवर ठरते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी असणे ही त्यातील केवळ पहिली अट आहे. कुटुंबाकडे ५ एकर वा अधिक शेतजमीन, १,००० चौरस फूट वा अधिक क्षेत्राची सदनिका, अधिसूचित नगरपालिका क्षेत्रात १०० चौरस यार्ड किंवा अन्यत्र २०० चौरस यार्ड वा अधिक क्षेत्राचा निवासी भूखंड असल्यास उमेदवार अपात्र ठरतो. विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याची पाच एकर जमीन आणि बागायती पाच एकर यांत हा नियम भेद करत नाही, ही त्यातील उघड उणीव आहे. परंतु अर्ज भरताना नियम आहे तसाच पाळावा लागतो.

हे दाखले ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून मागता येतात. अर्जात प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या प्रयोजनासाठी हवे असल्याचे स्पष्ट नमूद करावे आणि हातात पडताच नमुना, तारीख व अधिकाऱ्याचे पदनाम तपासावे. नॉन-क्रीमीलेयर व आर्थिक दुर्बल घटकाचे दाखले चालू आर्थिक वर्षातील, म्हणजे १ एप्रिल किंवा त्यानंतरचे, मागितले जातात. परीक्षेचा अर्ज मात्र त्याआधी भरला जातो, म्हणून तेव्हा माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे जुना दाखला किंवा हमीपत्र द्यावे आणि नवा दाखला एप्रिलमध्येच काढून घ्यावा. मे-जूनमध्ये राज्यातील सर्व प्रवेश एकाच वेळी सुरू होतात आणि तहसील कार्यालयांवर ताण येतो.

प्रत्यक्ष पडताळणी

जागा निश्चित झाल्यानंतर ठरलेल्या दिवशी मूळ कागदपत्रांसह विद्यापीठात हजर राहावे लागते. आपल्या विद्यापीठाचा अंतिम सत्राचा निकाल तोपर्यंत लागला नसेल, तर जेएनयू त्या वर्षी कोणत्या तारखेपर्यंत मुदत देते हे पाहून आधीच्या सत्रांची गुणपत्रके आणि महाविद्यालयाचे निकाल प्रलंबित असल्याचे पत्र सोबत न्यावे. मूळ दाखले परत मिळेपर्यंत शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी लागतील म्हणून सर्व कागदांच्या साक्षांकित प्रतींचे दोन संच तयार असावेत आणि एक संच घरी ठेवावा. प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळाले असे नसते. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि वाट पाहावी लागते. तोपर्यंत मुनीरका किंवा बेरसरायसारख्या जवळच्या वस्तीत भाड्याची खोली घेता येईल एवढी रक्कम, अनामतीसह, हाताशी ठेवूनच दिल्लीची गाडी धरावी.