सर्पवर कथा

मानवी स्त्री आणि सर्परूपातील पुरुष यांच्या प्रीतीची वा विवाहाची लोककथा. वराला पशूचे रूप असणाऱ्या जगभरातील कथांच्या मोठ्या कुळात ती मोडते. दुसऱ्या शतकात आपुलेयस या लॅटिन लेखकाने सांगितलेली प्रेमदेव क्युपिड व मानवी राजकन्या सायकी यांची कथा आणि ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या नावाने परिचित असलेली फ्रेंच परीकथा याच कुळातल्या. ही परीकथा मादाम द व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये विस्ताराने लिहिली आणि मादाम लप्रँस द बोमाँ यांनी १७५६ मध्ये मुलींच्या बोधासाठी ती संक्षिप्त केली. आज सर्वत्र सांगितली जाते ती बहुधा हीच आटोपशीर आवृत्ती. पंचतंत्राच्या काही पाठांत ब्राह्मणाच्या घरी सर्प जन्मतो, त्याचे लग्न होते आणि रात्री त्याने उतरून ठेवलेली कात बापाने जाळल्यावर तो कायमचा मनुष्य होतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात मराठी आणि कन्नड शेजारी नांदत असल्याने या कथेकडे दोन्ही अंगांनी पाहता येते. १९५० च्या दशकात बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवणारे ए. के. रामानुजन यांनी कन्नड लोककथा जमवल्या. त्यांच्याकडून ऐकलेल्या दोन मौखिक कथांवर गिरीश कर्नाड यांनी १९८८ मध्ये ‘नागमंडल’ हे कन्नड नाटक रचले. नवऱ्याने घरात कोंडून ठेवलेली राणी नावाची नायिका त्याला वश करण्यासाठी दिलेल्या मुळीची आमटी लालभडक झालेली पाहून घाबरते आणि ती वारुळात ओतते. ती पिऊन मोहित झालेला नाग नवऱ्याच्या रूपात रोज रात्री येऊ लागतो. पुढे व्यभिचाराचा आळ आल्यावर पंचांसमोर ती नाग हाती धरून शपथ घेते की, आपला नवरा आणि हा नाग यांखेरीज कोणत्याही पुरुषाला आपण स्पर्श केलेला नाही. शपथ शब्दशः खरी असते, आणि म्हणूनच नाग तिला डसत नाही. फ्रेंच कथेतला पशू नायिकेला रोज विचारतो आणि नकारही ऐकून घेतो. येथे मात्र राणीला कोणी विचारतच नाही, ही या कथेची खरी बोच आहे.

मराठी नागपंचमीच्या कहाणीत हेच वारूळ माहेर होते. माहेर नसलेल्या धाकट्या सुनेला शेषनाग मामा होऊन पाताळात नेतो. तेथे नागीण बाळंत होत असताना दिवा धरलेल्या सुनेच्या हातून तो निसटतो आणि पिलांची शेपटे भाजतात. मोठी झालेली पिले सूड घ्यायला येतात, पण ती पाटावर नागांची चित्रे काढून आपल्या भावांचे क्षेम मागताना दिसल्यावर राग विसरतात. सायकीच्या हातातील दिव्याचे तप्त तेलही झोपलेल्या क्युपिडला पोळते. तेथे दिवा प्रियकर गमावण्याचे निमित्त ठरतो, येथे तो भाऊ मिळण्याचे. पंचमीला भावाने बहिणीला माहेरी नेणे व झोके बांधणे हे दोन्ही भाषांच्या घरी असल्यामुळे नागाची ही दोन रूपे भाषेच्या सीमारेषेवर काटेकोर विभागता येत नाहीत. एवढे खरे की, सणाच्या दिवशी लाह्या-दूध वाहिले जाते ते भावाला. प्रियकर नागाची कथा पूजेत येत नाही.